विहिरीवर नेलेलं पातळ

कुंदाला बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. बाजेवरून उठून मोरीपर्यंत जायचं तर भिंतीला हात लावत, दोनदा थांबत जावं लागत होतं. अशात एका सकाळी मळ्यावरचा सालदार हिलाल ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि आत न बघताच म्हणाला, वहिनी, तुमचा विळा काल बागेतच राहिला, घ्या हा.

कुंदाने आतूनच सांगितलं की मी कशाला येऊ बागेत, दुसऱ्या कोणाचा असेल. तर हिलाल म्हणे, नाही, तुमचाच. काल दुपारी तुम्ही पूर्वेच्या पट्ट्यातून केळीचे तेरा घड बांधावर आणून टाकले. मी म्हटलंही, ओली बाळंतीण तुम्ही, घड कशाला उचलता, पण तुम्ही मान वर केली नाही. हिलाल थापा मारणारा माणूस नव्हता. थापेला लागतात तेवढे शब्द त्याच्यापाशी नव्हतेच. आज एवढं बोलला हेच पुष्कळ. विळा ओट्यावर ठेवून तो निघून गेला. विळ्याची मूठ ओली होती, आणि तीन दिवसांत पावसाचा थेंब पडलेला नव्हता.

कुंदा परत आडवी झाली. हिलालचं डोकं फिरलं असेल असं तिने मनाशी म्हटलं खरं, पण विळा तिचाच होता. ती डावरी. लग्नानंतर चुडामणने रावेरच्या लोहाराकडून तिच्यासाठी डाव्या हाताचा विळा मुद्दाम बनवून आणला होता. तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही कामाचा नव्हता.

रावेरहून सातपुड्याच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून कोसभर आत मळ्यात हे घर. तीन बाजूंनी केळी, चौथ्या बाजूला रस्ता. केळीच्या बागेत भर दुपारीही संध्याकाळ असते. पानांखालून चालणारा माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो. घरात माणसं तीन, कुंदा, तिचा नवरा चुडामण आणि सासू धुरपदाबाई. सासरा तोताराम लग्नाच्या आधीच गेलेला. अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी चौथं माणूस आलं. मुलगी.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण कुंदाच्या माहेरी पहूरला होतं कोण? ती सातवीत असताना आई गेली. बापाने निरोप धाडला की पोरीला तिकडेच ठेवा, इथे कढत पाणी द्यायलाही बाईमाणूस नाही. दवाखान्यात दोन दिवस कळा सोसून ती मोकळी झाली. टाके पडले, रक्त फार गेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दोन महिने जड उचलू द्यायचं नाही. धुरपदाबाईने मान हलवली. बाग कापणीला आली होती, आणि मान हलवायला काय लागतं?

धुरपदाबाईबद्दल सांगायचं तर तिला बसलेली कोणी पाहिली नव्हती. जेवायचीसुद्धा उभ्याने, चुलीपाशी, एक डोळा दुधाच्या उतावर ठेवून. रात्री सगळ्यांच्या नंतर दिवा मालवायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी अंगणात असायची. पाण्यातल्या कामांनी तिच्या टाचा सदा ओल्या. सारवलेल्या जमिनीवर तिच्या पावलांचे डाग वाळायला वेळच मिळत नसे. माय कधी आजारी पडल्याचं आपल्याला आठवत नाही, असं चुडामण चारचौघांत सांगायचा. हे तो कौतुकाने सांगायचा आणि ऐकणाऱ्या बाया आपापल्या सुनांकडे बघायच्या.

घरी आल्यावर कुंदाच्या बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी आली, कानाला फडकं आलं, पोटाला जुन्या लुगड्याची घट्ट पट्टी आली. गावातून तानुबाई रोज सकाळी मालीश करायला आणि शेक द्यायला येऊ लागली. बाळंतिणीचा आराम म्हणजे काय असतो, तर येईल त्याने तिला आराम कर म्हणायचं आणि तिने पडल्यापडल्या कामांचे आवाज ऐकायचे. कुंदा ते ऐकत पडायची आणि टाके ओढले की ओठ चावायची.

तिकडे बाळंतिणीला सव्वा महिना पाण्याला आणि चुलीला शिवू देत नाहीत. सव्वा महिना भरला की ती न्हाऊन, डोक्यावर कळशी घेऊन विहिरीवर जाते. काठावर पाच खडे मांडून हळदकुंकू वाहते, घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवते, अंगच्या दुधाचा एक थेंब विहिरीत सोडते आणि आपल्या हाताने भरलेली कळशी ओढते. तेव्हा कुठे बाळंतीण उठली असं धरतात. त्यानंतर मग ती दळो, भाकरी थापो नाहीतर घड उचलो.

पण कुंदाचा सव्वा महिना नेमका पितरांत येत होता, आणि पितरांत असलं काही करत नाहीत. पंधरवडा सरेपर्यंत थांबायचं तर बाग कोण कापणार? धुरपदाबाईने बाराव्या दिवशीच, पोरीचं मंदा नाव ठेवलं त्याच सकाळी, तेही उरकून टाकायचं ठरवलं. कुंदाच्या अंगात ताप होता, तिला उभं राहवत नव्हतं. धुरपदाबाई म्हणाली, त्याने काही अडत नाही. तिने पेटीतून कुंदाचं लग्नातलं हिरवं पातळ काढलं, कळशीला गुंडाळलं आणि कळशी डोक्यावर घेतली. ती गेली काय आणि तिचं पातळ गेलं काय, आपल्या घरात चालतं, असं म्हणून ती एकटीच निघाली.

विहीर घरापासून दोनशे पावलांवर, केळीच्या आत. बाजेवरून कुंदाला काही दिसलं नाही, ऐकू मात्र आलं. सासू विहिरीत वाकून हाक मारत होती.

"कुंदा, ऊठ. कामाले चाल."

असं तीनदा. तिसऱ्या हाकेला कुंदाच्या तोंडातून आपोआप ओ निघणार होती, पण तापाने घसा कोरडा पडलेला, ओ बाहेर आली नाही. मग तिकडे कोणीतरी ओ दिल्यासारखं तिला वाटलं. धुरपदाबाई कळशी भरून परत आली ती पातळावाचून. निसटलं हातातून, बुडालं, एवढंच तिने सांगितलं. लग्नातलं पातळ गेलं म्हणून कुंदाला रडू आलं आणि बाळंतिणीने रडायचं नसतं म्हणून सासूने ते थांबवलं.

दुसऱ्या दिवसापासून घरातली कामं होऊ लागली. तशी ती आधीही होत होती, पण धुरपदाबाईच्या हाताची. आता उंबऱ्यापलीकडे अंगण झाडलेलं दिसायचं ते उलट्या बाजूने झाडलेलं. खराट्याच्या रेघा डावीकडून वळलेल्या. ह्या रेघांवरून कुंदाने लग्नानंतरची दोन वर्षं बोलणी खाल्ली होती. भाकरीच्या कडेवर बोटांचे ठसे उमटायचे तेही डाव्या हाताचे. चुडामणने एका दुपारी जेवताजेवता आतल्या बाजूला तोंड करून म्हटलं, तुझ्या हातची भाकर महिनाभर खायला मिळणार नाही म्हणून मी मन मारलं होतं, पण तू इतक्यात उठायला नको होतं. कुंदा म्हणाली, मी उठलेच नाही. तो हसला. बायको लाजते आहे असं समजून हसण्याची नवऱ्यांना सवय असते, त्यातलाच तो.

त्यानंतर हिलाल विळा घेऊन आला. आणि त्यानंतर पोरीचं सुरू झालं.

सकाळी धुरपदाबाई मंदाला न्हाऊ घालायला न्यायची. परत आणून कुंदाजवळ ठेवली की पोर भरल्या पोटी झोपलेली. कुंदाने पदराखाली घेतली तर तोंड फिरवायची. ओठांना दुधाचा वास, जावळाला मात्र शेवाळाचा. दूध कुठून पाजता म्हणून कुंदाने विचारलं, तेव्हा सासूने विस्तवाकडे बघत उत्तर दिलं की पाजते म्हणजे आईचंच पाजते, दुसऱ्या कोणाचं पाजू? इकडे कुंदाची छाती दगडासारखी झाली. ताप चढला, पोलकं भिजून वाळलं, पुन्हा भिजलं. चार दिवसांत भिजायचंही कमी झालं.

तेव्हा मात्र ती बाजेवर उठून बसली. अंगण कोणीही झाडो, भाकरी कोणीही थापो, तिला त्याचं काही नव्हतं. उलट दुखऱ्या अंगाला तेवढीच उसंत. पण पोर जर दुसरीच्या अंगाचा वास ओळखू लागली, तर ह्या घरात कुंदा म्हणून जी कोणी राहील ती आपण नसू, हे तिला लख्ख कळलं. आणि हे सांगायचं कोणाला? आई असती तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं असतं. त्या दिवशी तिला आईची फार आठवण आली.

तानुबाईला तिने काही सांगितलं नाही. तानुबाईच म्हणाली की काल विहिरीवर तुला हाक मारली, तू ओ दिली नाहीस. मग बोलता बोलता तिने कुंदाचे पाय मांडीवर घेतले आणि तळवे उजेडाकडे वळवून पाहिले. पंधरावीस दिवस बाहेरच्या मातीला न लागलेले, सालपटं निघालेले, कोरडे तळवे.

"हे पाय घराबाहेर गेलेलेच नही," तानुबाई म्हणाली. मग दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "तुझी मालीश करते, म्हनून मी तुले पडून राह्य सांगाले पाह्यजे. पन पडून राहू नको. एकेक काम हातात घे. जे तू घेशीन ते ती सोडीन. पन घ्यावं तुलेच लागीन."

हे तुम्हाला कसं माहीत, असं कुंदाने विचारलं. तानुबाईने सांगितलं की माझी माय ह्याच घरात शेक द्यायला यायची, फार वर्षांमागे. सव्वा महिन्याचं काम, पण पाच महिने आली. कोणाला शेक द्यायला, कुंदाने विचारलं. तानुबाईने तेलाची वाटी उचलली आणि दुसऱ्या पायाला लागली.

बाज ते उंबरा, अकरा पावलं. पहिल्या दिवशी कुंदा पाच गेली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून परत आली. दुसऱ्या दिवशी सात. चालताना टाके असे ओढायचे की कोणी आतून शिवण उसवतं आहे असं वाटावं. पोटाची पट्टी ती स्वतः आवळायची, दातांत एक टोक धरून. बाविसाव्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, अकरा पावलं पुरी झाली. तिने उंबऱ्यावर हात टेकला आणि मागच्या दाराकडे पाहिलं.

मागच्या अंगणात एक बाई राखेने भांडी घासत बसली होती. पाठ घराकडे. अंगात हिरवं पातळ, चिंब भिजलेलं, पाठीला चिकटलेलं. डाव्या हाताने घासत होती. माणूस स्वतःची पाठ कधी बघत नाही, तरी कुंदाने ती पाठ ओळखली. पितळीवर हात फिरत होता पण घासल्याचा आवाज होत नव्हता, आणि बाईच्या भोवतीची माती ओली होऊन हळूहळू पसरत होती.

कुंदाला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून येणार कोण? सासू? ती भिंत धरून मागच्या दाराने बाहेर पडली, टेकत टेकत खाली बसली. ते बसणं टाक्यांवर कसं झालं ते तिचं तिला माहीत. बाईच्या अंगावरून विहिरीच्या तळचा गारवा येत होता. कुंदाने डावा हात लांब करून राखेतला चोथा उचलला. बाईचा हात थांबला. ती उठली, मागे वळून न बघता चालत केळीत शिरली. पानं हललीसुद्धा नाहीत.

चार भांडी उरली होती. ती घासायला कुंदाला तासभर लागला आणि बाजेवर परत यायला तेवढाच. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात भांडी तशीच पडलेली, वरणाचं वाळलेलं पातेलं, त्यावर माशा. धुरपदाबाई कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. खरकटं पातेलं बघून आनंद झालेली बाई त्या मुलखात कुंदाच पहिली असेल.

मग तिने एकेक काम मागे घेतलं. पोरीची दुपटी वाळत घालणं, डाळ निवडणं, दिव्याची काच पुसणं. अंगण झाडायला चार दिवस लागले; आधी तुळशीपर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मध्ये खराटा टेकून धापा टाकत. धुरपदाबाईला ते आवडलं नाही. ती म्हणायची, कामं आपोआप होऊन जातात तर तू कशाला मरतेस, पड की. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच कुंदाला भीतीचं वाटे. चुडामणला तर काहीच उमगेना. त्याने एकदा विचारलं, मागच्या आठवड्यात बागेत घड उचलणारी तू, आज खराटा धरून घामाघूम कशी होतेस? त्याच्या आवाजात काळजी होती, पण थोडी तक्रारही होती. घड उचलणारी त्याला बरी वाटली होती. कुंदाने ते मनात ठेवलं, आजतागायत ठेवलं आहे.

एक काम काही केल्या परत मिळेना. पोर. तानुबाईने गरम फडक्याने छाती शेकायला शिकवलं, बाळंतशेपा चघळायला दिल्या. पण पाण्याला शिवल्याशिवाय न्हाऊ घालणं हातात येत नव्हतं, आणि न्हाणं सासूकडे तोवर पाजणं त्या दुसरीकडे. तानुबाई म्हणाली, पाण्याचं काम विहिरीवरच सुटेल.

सव्वा महिना भरला तो पितरांचा पहिला दिवस. त्या दुपारी ट्रक भरायला आला होता. चुडामण, हिलाल, सगळे रस्त्याकडच्या बांधावर. बाजेशेजारी झोळी रिकामी होती. धुरपदाबाईनेच पोरीला नेलं होतं आणि ती एकटीच परत येऊन अंगणात केळीची पानं कापत उभी होती. कुंदाने पदराला हळदकुंकवाची पुडी बांधली, मूठभर घुगऱ्या घेतल्या, दोर गुंडाळला, कळशी कमरेवर घेतली आणि अंगणातून सरळ चालू लागली.

धुरपदाबाई म्हणाली, पितरांत विहीर पूजत नसतात. कुंदा थांबली नाही. सासूनेही अडवलं नाही, नुसती विळा हातात धरून बघत राहिली.

दोनशे पावलं. साठाव्या पावलाला तिने कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. शंभराव्या पावलाला ती एका खोडाला धरून उभी राहिली, आणि खोड हाताला माणसाच्या दंडासारखं गार लागलं. बांधावरून माणसांचे आवाज येत होते, ट्रकचा आवाज येत होता, आणि इथे मात्र पान वाजत नव्हतं. परत जावं असं तिला वाटलं. परत कुठे जायचं, बाजेवर? ती पुढे निघाली.

विहिरीला पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर ती बाई बसली होती, मंदाला पदराखाली घेऊन. या खेपेला तोंड समोर होतं. कुंदाचंच तोंड, पण लग्नाच्या फोटोतलं. ताप न आलेलं, रक्त न गेलेलं, एकही रात्र न जागलेलं. ते इतकं ताजं आणि शांत होतं की क्षणभर कुंदालाच वाटलं, हिलाच राहू द्यावं. ही थकणार नाही. पोरीला काही कमी पडायचं नाही. मग पदराखालून मंदाचा पाय बाहेर आला. तो निळसर पडला होता, थंडीने पडतो तसा.

कुंदाने काठावर पाच खडे मांडले. हळद खड्यांवर कमी आणि दगडावर जास्त पडली. घुगऱ्या ठेवल्या. मग पोलक्याची गाठ सोडून तिने विहिरीवर वाकून छाती दाबली. काही येईना. पुन्हा दाबली, डोळ्यांतून पाणी आलं पण दूध येईना. आई गं, असं तिच्या तोंडून निघालं, आणि ते कोणत्या आईला म्हटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. एक थेंब आला. घट्ट, पिवळसर. तो खाली पडताना तिने बघितला आणि पाण्यावर पडला तेव्हा पायरीवरच्या बाईने मान वर केली.

हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. कुंदाने स्वतःच विहिरीत तोंड घालून हाक मारली.

"कुंदा, ऊठ. कामाले चाल."

आणि विहिरीतून कोणी उत्तर देण्याच्या आत तिने स्वतःच मोठ्याने ओ दिली.

कळशी सोडली, बुडवली, ओढायला लागली. भरलेल्या कळशीपेक्षा दुप्पट जड लागत होती. डॉक्टरीणबाईंनी जड उचलू नको म्हटलं होतं ते तिला आठवलं, आणि हसूही आलं. दोर तळहातांत रुतला. पोटात खाली काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मांडीवरून ऊन ओघळ गेला. तिने दोर सोडला नाही. कळशी काठावर आली तेव्हा तिच्या गळ्याला गुंडाळलेलं हिरवं पातळ बरोबर आलं, गाळाने माखलेलं, सबंध.

पायरीवर कोणी नव्हतं. ओल्या दगडावर मंदा उघडी पडली होती आणि रडत होती. पंधरावीस दिवसांत कुंदाने तिचं असं भुकेलं रडणं ऐकलं नव्हतं. ती तीन पायऱ्या बसत बसत उतरली, पोरीला उचलून छातीशी धरलं. आधी पोरीने नुसतं तोंड घासलं. मग धरलं. दुखलं, खूप दुखलं, आणि कुंदा तिथेच दगडावर बसून सुखाने रडली. आता तिला रडू नको म्हणणारं कोणी नव्हतं.

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. एका हातात पोर, कमरेवर अर्धी सांडलेली कळशी, खांद्यावर ओलं पातळ. धुरपदाबाई ओट्यावर वाट बघत होती. तिने कळशी घेतली, पातळ घेतलं, आत जाऊन पातळ पिळलं, आणि मग जे त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं ते केलं. बाजेच्या कडेवर बसली. कसं बसायचं ते विसरल्यासारखी, अंग चोरून. पातळ मांडीवर घेऊन त्याचे काठ हाताने सारखे करत राहिली.

"माझं लुगडं कोनी काढलं नही व," ती म्हणाली.

कुंदा दारातच थबकली. सासूच्या टाचांपासून सारवणावर ओल पसरत होती. तिने किती दिवस ती पाहिली होती! सगळ्यांनीच पाहिली होती. पाण्यातली कामं, असं म्हणून सगळे मोकळे झाले होते.

मग ती कुठे गेली, असं कुंदाने हळू आवाजात विचारलं. ती म्हणजे कोण, हे दोघींना कळत होतं.

धुरपदाबाईने तळहाताने बाज थोपटली. "ह्याच बाजेवर पडेल व्हती. पाच महिने. भाकर येळेवर भेटे साऱ्याइले, मंग कोन पाह्यते? गेली तव्हा गावाले सांगितलं, कोनी पाव्हनी व्हती." तिने पातळाची घडी घातली. "चुडामण तिचा. पन वाढवला म्या."

कुंदाला तिची भीती वाटायला हवी होती. तिला दया आली. चुडामणच्या जन्मापासून ही बाई उभी होती. एकदा कोणी हाक मारली म्हणून उठली, आणि बस म्हणायला कोणी आलंच नाही. आणि सुनेचं पातळ विहिरीवर नेलं तेही, आपल्यासाठी जे झालं तेच करायचं असतं म्हणून. कुंदाने पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली. गोठ्यात गाय हंबरली. सासू सवयीने उठू लागली, तशी कुंदाने तिच्या गार खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं.

"आत्याबाई, तुमचं लुगडं काढू का?" कुंदा म्हणाली. "मी काढते. उद्याच काढते."

धुरपदाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, किंवा विहिरीचं असेल ते. ती खरंच विचार करत होती. किती तरी वर्षांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. बांधावरून ट्रक निघाल्याचा आवाज आला. तिने मान वळवून खिडकीतून बाहेर पाहिलं. पश्चिमेचा अख्खा पट्टा अजून कापायचा होता.

"आधी बाग खाली व्हऊ दे," ती म्हणाली, आणि धार काढायची बादली घेऊन गोठ्याकडे गेली.